सातव्या आठवड्यातला लाल ठिपका

नर्सच्या नोकरीत बायका मुख्यतः दोनच प्रश्न विचारतात. एक, "बाई, किती दिवस झाले?" आणि दुसरा, आवाज खाली करून, "बाई, काय होईल?" पहिल्याचं उत्तर द्यायला सरकार मला पगार देत होतं. दुसऱ्याचं उत्तर सोनोग्राफीच्या मशीनवाल्याला कळतं, आणि त्यानं ते सांगितलं तर तो सरळ तुरुंगात जातो. तीस वर्षं मी या दोन प्रश्नांच्या मधे उभी राहिले आणि आपल्याला सगळं कळतं अशा थाटात उभी राहिले.

माझं नाव शोभा. पण गावात मला नावानं कुणी हाक मारली नाही. बायकांची मी 'बाई', म्हाताऱ्यांची 'शिस्टर' आणि पोरांची 'सुईवाली'. माझं उपकेंद्र राजूरच्या बाजूला होतं, पाच गावं माझ्या अंगावर. गावांची नावं लिहीत नाही, कारण पुढं जिच्याबद्दल लिहिणार आहे तिची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे. तिला इथं अर्चना म्हणते. बाकीची नावंही मीच ठेवलेली.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, गमतीजमती लिहा. गमती काय कमी आहेत? एका आजोबांनी सुनेच्या कॅल्शियमच्या गोळ्या म्हशीला चारल्या आणि दूध वाढलं म्हणून आणखी दोन पाकिटं मागायला आले. एक नवरा बायकोची लघवी दारूच्या क्वार्टरमध्ये घेऊन आला आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर म्हणाला, बाटली नीट धुतली नव्हती, पुन्हा पाहा. असलं रोजचं होतं. पण लिहायला बसले की माझा हात त्या एका ठिपक्याकडंच जातो, म्हणून तेच लिहिते.

आधी आमचं काम थोडक्यात सांगते. बाईला दिवस गेले की उपकेंद्रात तिची नोंद होते आणि तिला एक कार्ड मिळतं. किती आठवडे झाले, वजन किती, रक्त किती, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, सगळं त्या कार्डावर. बाई कुठल्याही दवाखान्यात गेली की आधी कार्ड पाहतात, मग बाईला पाहतात.

आता कायदा. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे तपासणं आणि सांगणं गुन्हा आहे. आणि नको असलेलं मूल ठरलेल्या मुदतीत, मान्यता असलेल्या डॉक्टरकडं खाली करून घेणं हा गुन्हा नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. साधन वापरूनही दिवस राहिले, हे कारण कायद्याला चालतं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर मुळीच नाही. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळवले असते.

पण गावात या दोन कायद्यांची खिचडी झालेली, आणि ती शिजवण्यात माझाही हात होता. उपकेंद्रासमोरच्या भिंतीवर घोषवाक्य रंगवायचं होतं. मजकूर होता, 'लिंग तपासून केलेला गर्भपात हा गुन्हा आहे.' पेंटर म्हणाला, बाई, भिंत लहान हाय, अक्षरं बारीक येतील, लांबून दिसायची न्हाईत. मी म्हणाले, मग पहिले तीन शब्द काढ. तेव्हापासून आमच्या गावात नुसतं 'गर्भपात हा गुन्हा आहे' अशी भिंत उभी होती. पंधरा वर्षं मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

ठिपका त्याच्याही आधीचा. नोकरी लागून सात-आठ वर्षं झाली असतील. दोन मुलींची एक आई, चौथा महिना सरत आलेला, नवऱ्याबरोबर 'पाहुण्याकडं चाललो' म्हणून गेली आणि तीन दिवसांनी रिकाम्या पोटानं परत आली. रक्त थांबेना. जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन मी जालन्यापर्यंत बसले. साडी भिजून माझ्या पायाला चिकटली होती. बाई वाचली. नवरा मला म्हणाला, "मोरीत पाय घसरून पडली ती." मला सगळं कळत होतं. तरी रजिस्टरमध्ये मी 'आपोआप गर्भपात' असं लिहिलं, कारण त्या घरासमोरून मला रोज जायचं होतं. ते पान मी नंतर कितीतरी दिवस उघडून बघायची.

मग मी ठरवलं. जिला नुसत्या मुली आहेत आणि पुन्हा दिवस गेलेत, तिच्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनानं एक ठिपका द्यायचा. सरकारी नियम वगैरे काही नव्हता, माझी स्वतःची खूण. ठिपका असलेल्या घरावर गावातल्या आशा सेविकेनं, आमच्या आशाताईनं, नजर ठेवायची, बाई गावाबाहेर गेली की मला कळवायचं. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं, बाकीच्या सिस्टरांनीही उचललं. हळूहळू आसपासच्या दवाखान्यांना आणि सोनोग्राफीवाल्यांनाही अर्थ कळला. कोपऱ्यात लाल दिसलं की ते समजायचे, या बाईच्या मागं नर्स आहे, उद्या भानगड होईल.

एकदा एक सासरा उपकेंद्रासमोर उभा राहून मला शिव्या घालून गेला. "तुमच्या त्या टिकलीपायी आम्हाला दारातून माघारी लावलं." त्या घरात मुलगी झाली. आता ती सायकलवर शाळेत जाते आणि मला पाहिलं की घंटी वाजवते. खोटं कशाला बोलू, त्या घंटीचा मला माज चढला होता. वरच्या साहेबांसमोर मी माझ्या ठिपक्याची गोष्ट रंगवून सांगायची.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना अर्चना आली.

अर्चना आणि तिचा नवरा विष्णू शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं करतात. आमच्याकडं बियाण्याच्या कंपन्या नर आणि मादी रोपं देतात आणि फुलाफुलाचं लगीन हातानं लावावं लागतं. चिमट्यानं कळी हलकेच उघडायची, नराचा पराग लावायचा आणि झालेल्या फुलाला खूण म्हणून लोकरीचा धागा बांधायचा. कळी मोडली की बी गेलं. अर्चनाचा हात असा हलका की दुसऱ्यांच्या नेटमधल्या बायकांना शिकवायला तिला बोलावणं यायचं. तिला एक मुलगी, सहा वर्षांची, पहिलीत.

लसीकरणाचा दिवस होता, पोरांच्या रडण्यानं कान किटलेले. अर्चना सगळ्यात शेवटी थांबली आणि खोली रिकामी झाल्यावर म्हणाली, "बाई, मला दिवस राह्यलेत. सात आठवडे झालेत. मला हे ठिवायचं न्हाई."

तपासलं. तिचा हिशोब बराबर होता.

"तांबी कुठं गेली?"

"अंगावरून लई जात होतं म्हणून तुम्हीच काढल्ती की. मंग निरोध वापरत होतो. फाटला."

"ठेवायचं नाही असं कोण म्हणतंय? सासू?"

"आत्याबाई तर नातू पाह्यजे म्हणून बसल्यात. मीच म्हणून राह्यले, बाई. मला एकच बस झालं."

इथं मी विचारायला हवं होतं, का गं? पण माझं लक्ष कार्डाकडं गेलेलं. अपत्य एक, मुलगी. एवढं वाचलं आणि बाकी सगळं मला आपोआप समजल्यासारखं झालं. मी तिला म्हणाले, "अगं, मुलगी काय वाईट असते? तू कोण आहेस? मी कोण आहे?" आणि दहा मिनिटं भाषण दिलं. माझं भाषण चांगलं होतं, पुष्कळ ठिकाणी दिलेलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मी पोरीचं कुठं काय म्हणले?"

"सगळ्या असंच म्हणतात," मी म्हणाले.

तिला मी वरच्या केंद्रातल्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देऊन पाठवायला हवं होतं. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांवर काम होतं, ती आठवड्याभरात मोकळी होऊन नेटमध्ये गेली असती. मी तिला बाळंतपणाच्या यादीत लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कोपऱ्यात लाल ठिपका दिला. चांगला ठसठशीत दिला.

त्याच दिवशी आमच्या आशाताईला, मीराला, सांगितलं की या घरावर लक्ष ठेव. मीरा कामाला पक्की. तिचे फोनवर निरोप यायचे. 'अर्चना जालन्याला गेली.' 'अर्चना आली, पोट तसंच हाय.' 'अर्चना बदनापूरला गेली, नवरा संगं.' 'आली, तसंच.' मी प्रत्येक वेळी 'शाबास' लिहून पाठवायची. असे सात आठवडे गेले. मला वाटायचं मी एका जिवाची राखण करतेय.

मग एका दुपारी ती माझ्या क्वार्टरवर आली. मी नुकती जेवून उठले होते. तोंड सुकलेलं, ओठाला भेग. बसायला सांगितलं तरी बसली नाही. हातात कार्ड.

"बाई, चौदावा लागला," ती म्हणाली. "पहिल्या डॉक्टरनी कार्ड पाह्यलं आन् म्हणले आमच्याकडं होत न्हाई. दुसऱ्यानी नवऱ्याची सही मागितली. ह्यांनी दिली सही. मंग त्यांनी कार्ड पाह्यलं, म्हणले सोनोग्राफी करून आणा. सोनोग्राफीवाला म्हणला मशीन बंद हाय. माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला आत घेतलं. मेडिकलवाला म्हणला, गोळ्या आम्ही ठिवतच न्हाई, कटकट लागती. परवा ज्या दवाखान्यात गेल्ते, तिथली नाव लिहून घेणारी पोरगी माझ्या मागं बाहीर आली. म्हणली, ताई, हे कार्ड घेऊन फिरू नका, त्याच्यावर ठिपका हाय."

तिनं कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"बाई, एक इचारू? सातव्या आठवड्यात मशीनला कळतं का, पोरगी हाय का पोरगं?"

"नाही."

"कोणत्याच मशीनला?"

"नाही गं. लई लवकर असतं ते."

"मंग मला ठिपका कशाचा दिला?"

मी भांडी घासायच्या निमित्तानं उठले आणि परत बसले. तीस वर्षं मी बायकांचे आठवडे मोजले, मला झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायची नाही, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सातव्या आठवड्यात ती मुलगी म्हणून नको म्हणूच शकत नव्हती. आता चौदाव्यात कळतं. म्हणजे तिच्यावरचा संशय सातव्या आठवड्यात खोटा होता, आणि मी तिला दारोदार फिरवून तो खरा दिसेल अशी वेळ आणली होती.

"उद्या मी चालले," अर्चना म्हणाली. "बाजाराच्या गावाला एक बाई हाय. काडी घालून खाली करती म्हणत्यात. ह्यांना सांगितलं न्हाई. ते म्हणत्यात, राहू दे मंग आता, काय करणार. तुम्हाला सांगायला आले, कारण उद्या काही झालं तर माझ्या पोरीला कुणीतरी खरं सांगाया पाह्यजे."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. जीपमधलं ते डोकं आणि भिजलेली साडी मला माझ्याच मांडीवर जाणवली. वीस वर्षांपूर्वी मी जे थांबवायला ठिपका काढला, तोच ठिपका आता एका बाईला त्याच काडीकडं घेऊन चालला होता.

"तुला हे का नको आहे?" मी शेवटी विचारलं.

"आता इचारता?" ती पहिल्यांदा चिडली. "मला एकच पोर पाह्यजे होतं, ते झालं. तिला शिकवायचं, आन् मलाबी थोडं जगायचं. एवढंच हाय. याच्याहून मोठं कारण लागतं का, बाई? माझी पहिली पोरगी हाय म्हणून तुम्ही ठिपका दिला. पहिला पोरगा असता तर तुम्ही त्याच दिवशी गोळ्यांची चिठ्ठी दिली असती. खरं का न्हाई?"

खरं होतं. मुलगा असलेल्या कितीतरी जणींना मी बिनबोभाट चिठ्ठ्या दिल्या होत्या, वर 'बरं केलंस, कुटुंब लहान बरं' असं म्हणून. मी तिला म्हणाले, "उद्या तू माझ्याबरोबर जालन्याला यायचं. त्या बाईकडं गेलीस तर तुझ्या दारात येऊन बसेन." दटावल्याशिवाय मला प्रेम करता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

सकाळी साडेसातला फाट्यावर आम्ही तिघं उभे होतो, अर्चना, विष्णू आणि मी. बस यायच्या आधी तिची सासू गयाबाई आली. लांबून चालत आलेली, दम लागलेला. सुनेकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्यासमोर येऊन थांबली.

"शिस्टर, तुम्हीच ना घरोघर फिरून सांगत होत्या, जीव वाचवा, जीव वाचवा? आन् आता माझा नातू माराया तुम्हीच चालल्या?"

"मावशी, नातू आहे की नात, कुणाला माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग नात असंल. नात असली तर तुम्हाला चालतं का?"

म्हातारीनं मला माझ्याच दोरीनं बांधलं. फाट्यावरची चहावाली माणसं ऐकत होती. गयाबाईला वाटत होतं, मुलगा असेल, म्हणून ठेवा. मला सात आठवडे वाटत होतं, मुलगी असेल, म्हणून ठेवा. आम्ही दोघी एकमेकींच्या विरुद्ध आहोत असा माझा आजवर समज होता. अर्चनाला काय वाटतं हे आमच्यापैकी कुणीच वेळेवर विचारलं नव्हतं.

"मावशी, माझं चुकलं ते मी निस्तरायला चाललेय," मी म्हणाले. "तुमच्या सुनेचं काही चुकलेलं नाही."

"आरं इष्णू," ती लेकाकडं वळली. "तुझ्या बायकूला घरी ने."

विष्णू बसच्या दिशेला बघत राहिला. बस आली तेव्हा त्यानं आधी अर्चनाला चढवलं, मग मला हात दिला आणि मग स्वतः चढला. आईला एवढंच म्हणाला, "दुपारच्याला बैलांना पाणी पाजा." मला वाटलं होतं, तो मागं राहील.

बसमध्ये अर्चना खिडकीशी होती. मी गुपचूप हिशोब करत होते. माझ्या आईला सात, त्यातले आम्ही पाच जगलो. मला दोन. अर्चनाला एक. आणि माझी सून पुण्याहून सांगते, आई, आम्हाला मूलच नको. तिच्यावर मी वर्षभर धुसफुसत होते. चारचौघींत म्हणायची, आजकालच्या पोरींना झालंय तरी काय. सात जणांना जन्म देताना माझ्या आईला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला त्या बसमध्ये पहिल्यांदा पडला, आणि तोही जालना जवळ आल्यावर.

मोठ्या सरकारी दवाखान्यात नंबर लागायला अकरा वाजले. डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी कार्ड घेतलं आणि नजर थेट उजव्या कोपऱ्यात गेली. इतकी मी त्या ठिपक्याची सगळीकडं सवय लावली होती.

"सिस्टर, चौदा आठवडे, एक मुलगी आणि हे," त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "उद्या कुणी तक्रार केली तर मी काय दाखवू? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी परत पाठवलं असतं, मॅडम," मी म्हणाले. "पण हा ठिपका मीच दिलाय. आणि तो चुकीचा आहे. ही माझ्याकडं सातव्या आठवड्यात आली होती. तेव्हाच म्हणाली होती, नको."

"कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझ्या रजिस्टरात ती आनंदानं नाव नोंदवून लोहाच्या गोळ्या घेऊन गेलेली बाई होती. कायदा तिच्या बाजूनं होता, वीस आठवड्यांना अजून सहा बाकी होते, पण कागद माझ्या हातचे होते आणि ते तिच्याविरुद्ध बोलत होते.

"मग मी आता लिहून देते," मी म्हणाले.

"काय लिहिणार?"

"खरं ते."

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं. "हे तुमच्या अंगाशी येईल. निवृत्तीला किती राहिलेत?"

"सहा महिने."

मी पर्स उघडली. आत लाल पेन होता. मी तो परत ठेवला आणि त्यांच्याकडून निळा मागून घेतला. लिहिलं, की अमुक दिवशी ही बाई स्वतःच्या मर्जीनं, साधन निकामी झाल्यामुळं, गर्भपातासाठी माझ्याकडं आली. गर्भ सात आठवड्यांचा होता. मी तिला योग्य ठिकाणी पाठवलं नाही, तिची नोंद तिच्या इच्छेविरुद्ध केली आणि कार्डावर माझ्या मनानं खूण केली. उशीर झाला तो माझ्यामुळं. खाली सही. अक्षर माझं मलाच ओळखू येईना.

कागद घेऊन डॉक्टर वरिष्ठांकडं गेल्या. आम्ही बाकड्यावर बसलो. बारा वाजले, एक वाजला. विष्णूचा फोन सारखा वाजत होता, घरून होता हे न सांगता कळत होतं. एकदा तो उठून बाहेर गेला. अर्चनानं मान वळवली नाही, पण पदराचं टोक तिनं बोटाला इतकं गच्च गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. मी मनात म्हणत होते, आता हा गेला, गावातली दोन-चार माणसं घेऊन येणार आणि हिला उचलून नेणार. अर्ध्या तासानं तो परत आला. हातात तिच्यासाठी केळी होती आणि फोन बंद करून खिशात टाकलेला.

अडीचला डॉक्टर आल्या. अर्चनाला एकटीला आत बोलावलं, आम्हा दोघांना बाहेर ठेवलं. हेही बरोबरच होतं. आत त्यांनी काय विचारलं आणि ती काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई नव्हती, तिनं पूर्ण नावानं सही केली होती. तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

गोळ्यांवर घरच्या घरी जे झालं असतं त्याला दवाखान्यात दीड दिवस लागला. कळा आल्या, ती कळवळली, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चादर दातांत धरली. मी कपाळावर हात ठेवायला गेले तर तिनं तो बाजूला केला. हळूच केला, कळी उघडते तसा. मी मग पायाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

मला नोटीस आली. चौकशी झाली, ताकीद मिळाली. ताकीद बराबर होती. मीटिंगमध्ये मी उभं राहून सांगितलं की ठिपका बंद करा, त्यानं एका बाईचा जीव जाता जाता राहिला. दोघी-तिघींनी माना हलवल्या. एक म्हणाली, "बाई, पण त्यानं पोरी वाचल्या की." तेही खरं आहे. सायकलची घंटी मला अजून ऐकू येते आणि आता ती ऐकून काय वाटून घ्यावं ते समजत नाही. माझ्या निरोप समारंभात एका पाहुण्यानं भाषणात लाल ठिपक्याचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. मी शालीखाली हात दाबून बसले. जाता जाता एक मात्र केलं. पेंटरला बोलावून भिंतीवरचे ते तीन शब्द परत लिहून घेतले. अक्षरं बारीक आली, लांबून दिसत नाहीत. जवळ जाऊन वाचावं लागतं.

हा लेख लिहायच्या आधी मी अर्चनाच्या नेटमध्ये गेले. परवानगी घ्यायला. सकाळची वेळ, परागाची घाई. चिमटा हातात, लोकरीचे धागे खांद्यावर टाकलेले. मी सगळं सांगितलं, काय लिहिणार, कसं लिहिणार, नाव बदलणार. तिनं तीन फुलं पुरी केली, तिन्हींना धागा बांधला आणि मग बोलली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"लिव्हा," ती म्हणाली. "सगळं लिव्हा. कुण्या बाईच्या कामी येईल. फक्त मी तुम्हाला माफ केलं, असं लिहू नका."

ती पुढच्या झाडाकडं सरकली. म्हणून तसं मी लिहिलेलं नाही.